घामाची वॉरंटी नाही

बेकरीतल्या भट्टीवर उभं आयुष्य काढलेल्या मामांना सहसा कशाची किळस येत नसे. आंबलेलं पीठ, भिंतीतली झुरळं, मालकाच्या सकाळ-संध्याकाळच्या शिव्या, सगळं त्यांच्या अंगवळणी पडलं होतं. त्या दिवशी घड्याळाच्या दुकानात मात्र त्यांना ती आली.

हौसेने घेतलेलं नवंकोरं घड्याळ भट्टीसमोरच बंद पडलं होतं. मामा त्याच्या भरवशावर राहिले आणि भट्टीभर पावांचा कोळसा झाला. बायको म्हणाली, "वॉरंटी आहे ना? मग मुकाट काय बसलात? जा की!"

दुकानदाराने मेलेला उंदीर धरावा तसं ते घड्याळ दोन बोटांत उचललं. काचेच्या आतली वाफ दिसताच तो हसला.

"आत घाम गेलाय, मामा. हे वॉरंटीत बसत नाही."

"पाण्यात बुडवलं तरी काही होणार नाही, असं तुम्हीच म्हणाला होतात!"

"पाण्याने नाहीच होत. पण घाम म्हणजे काय पाणी?"

मामांचं तोंड कडू झालं. "मनगटावर बांधायची वस्तू विकता, आणि माणसाला घाम येतो हे ठाऊक नाही होय?"

"भट्टीवाल्यांनी घड्याळं घालायचीच कशाला?" असं पुटपुटत दुकानदाराने काउंटरवर मामांचा हात होता नेमक्या तिथेच फडका फिरवला.

मामांनी घड्याळ खिशात घातलं.

"आता ग्राहक मंचात भेटू. हेच तिथे बोला, शब्द न गाळता. आणि हा फडका विसरू नका. तिथल्या टेबलावरही मी हात ठेवणार आहे."