आईचे गुलाब आणि माझं अपडेट

लॉकडाउनमध्ये आईचा फोन मी बिघडवला, हे मी आजतागायत कबूल केलेलं नाही. ती तीन महिन्यांसाठी पुण्याहून आमच्याकडे परदेशात, स्कोफिल्ड्सला आली, सीमा बंद झाल्या आणि अडकली. बाबा तिकडे एकटे. तिच्या फोनमध्ये नातेवाइकांचे गुलाब आणि उगवते सूर्य इतके ठासून भरले होते की तसूभर जागा उरली नव्हती. तशी सूचनाही आली. ती बाजूला सारून, तिला न विचारता, मी सकाळी सकाळी नवीन अपडेट चढवलं. त्यानंतर फोन नुसतं कंपनीचं चिन्ह दाखवायचा आणि विझायचा.

"तू काही केलंस का?" आईने विचारलं.

"जुना झालाय गं."

दुरुस्तीची दुकानं बंद होती. आणि घरात सॉफ्टवेअरवाला मुलगा असताना दुकानात जातं कोण? मी ऑफिसात पगाराचे रिपोर्ट बनवतो, फोनच्या पोटातलं मला ओ की ठो कळत नाही. पण आमच्या घरात हा फरक कुणी मानत नाही. मिक्सरसुद्धा माझ्याकडेच येतो.

"साडेदहाच्या आत चालू कर. तेव्हा तिकडे सहा वाजतात, बाबा उठतात."

"माझ्या फोनवरून बोल की."

"बोलताना ते खोटं बोलतात. ताप असला तरी ठणठणीत म्हणतात. मी गुलाब पाठवते, ते उठल्या उठल्या बघतात, टिक निळी होते. मग मी चहा घेते."

"मग गुलाब पाठव माझ्या फोनवरून."

"तू कधी काही पाठवतोस का? तुझ्याकडून आलं तर घाबरतील ते."

मी गुपचूप फोन लॅपटॉपला जोडला आणि दुरुस्तीचं एक टूल उतरवलं. त्याने दोन पर्याय दिले: सगळं पुसा, पाच मिनिटं, किंवा डेटा ठेवून सिस्टिम दुरुस्त करा, पाऊण तास. ऑनलाइन शाळेतून मुलगी डोकावली. "जस्ट रीसेट इट, डॅड. इट्स ओन्ली फ्लॉवर्स."

खोटं कशाला सांगू, बोटं शिवशिवली. पण पुसलं असतं तर मेसेजचं अ‍ॅप पुन्हा सुरू करायचा कोड तिच्या पुण्याच्या नंबरवर गेला असता, आणि ते सिम इथे कधीचं मुकं होतं. मुकाट्याने पाऊण तास निवडला. ब्याऐंशी टक्क्यांवर पट्टी अडकली तेव्हा मी टूल बनवणाऱ्यांचा उद्धार केला. आई मागे खुर्ची ओढून बसली होती, चहा न घेता.

दहा सत्तावीसला फोन उठला. जागा करायला सूर्य पुसायची परवानगी मिळाली, गुलाबांची नाही.

साडेदहाला गुलाब गेला. दोन टिका आल्या, करड्या. आम्ही तिघं त्यांच्याकडे बघत बसलो. आता मला खरंच भीती वाटायला लागली होती. दहा चाळीसला टिका निळ्या झाल्या.

"आज उशीर झाला," आई म्हणाली. "गुडघा धरला असेल." आणि चहा टाकायला उठली.

"मी उठलो ते कसं कळतं गं तुला?" मी चिडवलं.

"तू मला म्यूट केलंयस, तुझी टिक कधी निळी होत नाही. पण भिंतीपलीकडून घोरणं ऐकू येतं. ते थांबलं की उठलास."

सीमा उघडल्यावर ती पुण्याला परतली. आता मी सकाळी डोळे चोळत आधी तिचा गुलाब उघडतो. माझं घोरणं तिथवर जात नाही.