रोगाची ओळ

चिंचवडात मला हाताला धरून उभं केलं ते आमच्या मुकादमीण मावशींनी. त्या चाकणकडच्या. हे आधी सांगते, कारण पुढचं सांगताना माझा जीव घाबरा होतो आणि त्यांचं सांगायचं राहून जाईल.

आम्ही कोकणातले. मी तिसरीतून शाळा सोडलेली. देवी आल्या तेव्हा आम्ही दोघी बहिणी एकाच अंथरुणावर होतो. मी उठले, धाकटी उठली नाही. स्वराज्य येऊन थोडी वर्षं झालेली, पिंपरीच्या माळावर नवा कारखाना निघालेला. तिथं नवऱ्याला काम लागलं म्हणून इकडे आलो. माझ्या तोंडावरचे वण बघून चाळीतल्या बाया आपली पोरं आत ओढायच्या. मावशींनी मात्र हनुवटी धरून माझं तोंड उजेडाकडे वळवलं. "दुखणं सोसून उठलीया ही. अशीच बाई पायजे मला," म्हणाल्या आणि पावट्याच्या शेतावर घेऊन गेल्या.

तिथं पुण्याचे शेतकीचे साहेब केवड्याला दाद न देणारं वाण शोधत होते. केवडा म्हणजे पानं पिवळी पाडून झाड खंगवणारा रोग. पांढरी माशी तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. म्हणून शेजारच्या झाडांची पारख व्हावी यासाठी मधे मधे मुद्दाम रोगट झाडांची ओळ राखलेली. ती उपटायची नाही, उलट पाणी घालून जगवायची. ते काम माझ्याकडे आलं. पाणी सोडलं की पिवळी पानं हलायची, आणि मला वाटायचं, धाकटी पाणी मागतेय. तिकडे पाठ करायची माझी हिंमत नव्हती.

शेजारची झाडं एकामागून एक पिवळी पडली. एकच हिरवं राहिलं. सकाळी आले की मी आधी त्याच्याकडे धावायची.

"काय गं, नवस बोललीस का त्याला?" बाया हसायच्या.

एका सकाळी मी जुन्या लुगड्याचा तुकडा आणला, झाडावर पांघरायला. मावशींनी हात धरला.

"ह्ये काय?"

"माशी बसेल, मावशी."

"बसू दे की. झाकून ठिवलं तर त्येच्या अंगात काय हाय ते कळंल कसं?"

"आणि मेलं तर?"

"तर मेलं." धाकटीचं मी त्यांना एकदाच सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "तिच्या वाट्याचं जगणं तू न्हाई घेतलंस, पोरी. तुझ्या अंगात हुतं, तिच्या न्हवतं. झाडाला कुणी जाब इचारतं का?"

मी बांधावर बसले. लुगड्याचा तुकडा डोळ्यांना लावला.

त्या झाडाला शेंगा धरल्या. साहेबांनी बी जपून नेलं आणि पुढच्या हंगामाला पुन्हा रोगाच्या ओळीशेजारीच पेरलं. धाकटी अजून पाणी मागते. मी घालते.

मावशींना आता दिसत नाही, त्या लेकीकडे असतात. ते बी लोकांना मिळू लागलं की मी ते परसात लावणार, आणि पहिल्या शेंगा घेऊन त्यांच्या ओट्यावर सोलायला बसणार. दाणे आधी त्यांच्या ओंजळीत.