खांदेमळणी

हळद-लोण्याचा वास आला की मला शाळेतलं ते कपाट आठवतं. आठवडाभर मुलांनी चाकांच्या सहा छोट्या यंत्रांना पुठ्ठ्याची शिंगं लावून बैल केले होते. ‘पुढं चल, वळ, थांब’ अशा सूचना संगणकावरून भरून त्यांना तोरणाखालून चालायला शिकवलं होतं. पोळ्याला सुट्टी, तरी गावाला दाखवायचं म्हणून मी शाळा उघडली, कपाट उघडलं आणि बघते तर काय! सहाही बैल हळद-लोण्यानं माखलेले. चाकांत लोणी, बटणांत लोणी, एकही चालू होईना. यंत्रं तर दुसऱ्या शाळेतून मागून आणलेली! “कुणी केलं हे?” मी किंचाळलेच. कपाटाची किल्ली सांभाळणारी सातवीतली मुलगी पुढं आली. “मी, बाई. काल खांदेमळणी व्हती न्हाई का? हळद-लोण्यानं खांदे मळले त्यांचे. आठ दिवस लय राबलेत ते.” “अगं, आज सगळ्या गावासमोर चालवायचे होते ते!” तिचा चेहरा पांढरा पडला. “बाई, तुमी पोळ्याच्या दिवशी बैल जुपणार व्हता?” मी शेतकऱ्याचीच लेक; मी कपाट लावलं आणि कुलूप घातलं. आता पोळ्याला त्या कपाटाचं कुलूप मी काढत नाही.