कुसुमलताबाईंच्या गरण्यातले जीव

कुसुमलताबाईंना 'मग?' असं विचारायची सवय होती. आवाज न चढवता, हातातलं काम न थांबवता. चाळीसगावात त्यांच्या गल्लीत फिरणाऱ्या विक्रेत्यांनी या एका शब्दाचा धसका घेतला होता. मागे एकदा पाणी शुद्ध करायचं यंत्र घेऊन एक जण आला.

"काकू, यात पाण्यातले सगळे जीव मरतात," तो मोठ्या उमेदीने म्हणाला.

"मग?"

"मग पाणी शुद्ध होतं."

"मेलेल्या जीवांचं?"

त्याला ताक पाजलं गेलं. यंत्र त्याचं त्याने उचलून नेलं.

बाई माहेरच्या भडगावच्या. अमृतलाल शेठजींच्या धान्याच्या दुकानामागच्या घरात सून म्हणून आल्या, तेव्हा सासूने जैन घराच्या रीतीप्रमाणे दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या हातात गरणं, म्हणजे पाणी गाळायचं फडकं, दिलं. जाड खादीचं, दुहेरी घडीचं. रोज उठून पाणी गाळायचं, आणि गरण्यात जे बारीक जीव अडकतील, त्यांच्यासकटचं पाणी म्हणजे जीवाणी; ती ज्या पाण्यातून आली त्याच पाण्यात पुन्हा सोडायची. वरून ओतायची नाही, जीवांना लागतं. परसात विहीर होती तोवर बाई बादली थेट पाण्याला टेकवून मग कलती करायच्या. शेजारची कमलबाई म्हणायची, "तान्हा पोरले बी इतलं हळू कोनी ठेवत नही."

पुढे विहीर बुजवली गेली आणि तिच्यावर मुलाची, रोनकची, मोटरसायकल उभी राहू लागली. पाणी अंगणातल्या हौदात यायला लागलं. तिथून कुसुमलताबाईंची पंचाईत सुरू झाली. जीवाणी हौदात सोडावी, तर दुसऱ्या दिवशी तेच जीव पुन्हा गरण्यात.

"मम्मीजी, त्यांची रोजची फेरी होते," सून चेलना म्हणायची.

गटारीत सोडावी तर तिथे फिनाईल. दुसरा इलाज नव्हता म्हणून जीवाणी हौदातच जात राहिली, आणि बाईंच्या मनाला ते लागून राहिलं.

गेल्या श्रावणात नात विधीला डेंग्यू झाला. जळगावला दवाखान्यात ठेवावं लागलं. पोरगी पांढरीफटक पडली होती. कुसुमलताबाई उशाशी बसून नवकार मंत्र म्हणत आणि पदराने डास हाकलत. नुसते हाकलत. घरी आल्यावर चेलनाने डास मारायची रॅकेट आणली. पहिल्याच संध्याकाळी चट्ट आवाज झाला आणि कुसुमलताबाईंनी समोरचं ताट सरकवलं. दुसऱ्या दिवशी रॅकेट माळ्यावर गेली. चेलनाने विधीला लांब बाह्यांचे फ्रॉक शिवून घेतले, ऐन उन्हाळ्यातसुद्धा.

यंदा आषाढात मयुरी आली. धुळ्याच्या एका संशोधन केंद्राचं ओळखपत्र गळ्यात, हातात काळी प्लास्टिकची कुंडी.

"आजी, ही तुमच्या अंगणात सावलीला ठेवायची आहे. आत पाणी आणि कागदाची पट्टी. पाणी सांडायचं नाही, कुंडी हलवायची नाही, साबण-फिनाईल जवळ आणायचं नाही."

"कशाला?"

"डास पट्टीवर अंडी घालतात. आम्ही येऊन मोजतो."

"मग?"

"मग कळतं कुठे किती डास आहेत. त्यावर कुठल्या घरी औषध, कुठल्या घरी हौदावर जाळी, असं करून बघायचं. कशाने डेंग्यूचे डास कमी होतात ते पुन्हा मोजायचं."

कुसुमलताबाईंच्या कानात पहिलंच वाक्य राहिलं. सावली. स्थिर पाणी. कुणी सांडणार नाही, फिनाईल येणार नाही. इतकी वर्षं त्या जी जागा शोधत होत्या, ती ही पोरगी दारात घेऊन उभी होती.

"ठेव," त्या म्हणाल्या.

मयुरीला इतक्या पटकन होकार गावात कुठेच मिळाला नव्हता. ती पायरीवर बसून तांब्याभर पाणी प्यायली. गाळलेलं.

आठवड्याने ती पट्टी न्यायला आली. कुंडीत डोकावली, आणि शेजारच्या गल्लीत असलेल्या सरांना फोन लावला. डॉक्टर चुडामण बोरसे जीपमधून उतरून आले, गुडघ्यावर बसले आणि बराच वेळ कुंडीत बघत राहिले.

"पट्टीवर अंडी मोजकीच आहेत. आणि पाण्यात ही जत्रा?" ते म्हणाले. "मयुरी, सगळ्या गावात इतक्या अळ्या कुठे निघाल्या का?"

"नाही सर."

कमलबाई भिंतीवरून बघत होती. "म्हंजे बठ्ठा गावमा पहिला नंबर?" तिने विचारलं. "कुसुमबाई, तुमनं घर तं डासस्नं माहेर शे."

कुसुमलताबाईंना ते झोंबलं. या घराची फरशी त्या स्वतः दोनदा पुसत.

"आजी," सर म्हणाले, "तुमच्या हौदात औषध टाकावं लागेल."

"कुणाला औषध?"

"अळ्यांना."

"बरं वाटतं त्याने त्यांना?"

सरांनी मयुरीकडे बघितलं. "त्यांची वाढ थांबते."

"मग?"

"मग त्या... राहत नाहीत."

"या घरात नाही," कुसुमलताबाई म्हणाल्या आणि हौदाच्या झाकणावर जाऊन बसल्या.

मयुरी कुंडीपाशीच होती. "आजी, तुम्ही यात काही टाकलं का?"

"टाकलं नाही. सोडलं."

आणि त्यांनी सगळं सांगितलं. गरणं, जीवाणी, विहीर, फिनाईल, आणि रोज सकाळी कुंडीच्या पाण्याला वाटी टेकवून हळूच कलती करायची ते. सांगताना त्यांच्या आवाजात जराही अपराधीपणा नव्हता. उलट कुंडी दिल्याबद्दल केंद्राचे आभार मानायचे राहिले होते, तेही त्यांनी मानून टाकले.

सर पायरीवर बसले. "म्हणजे या अळ्या आमच्या कुंडीत जन्मलेल्याच नाहीत."

"नाही. वस्तीला आल्यात."

"या घराची मोजणी बाद," सर म्हणाले. कमलबाईचा चेहरा पडला. पहिल्या नंबराचं घर शेजारी असण्यात तिला गोडी वाटायला लागली होती.

"पण सर," मयुरी म्हणाली, "त्या आल्या कुठून?"

सगळ्यांनी हौदाकडे बघितलं. मोटरचा पाइप आत घ्यायला झाकणाचा एक कोपरा फोडलेला होता. त्या भोकाशेजारीच कुसुमलताबाई बसल्या होत्या.

इतका वेळ दारात उभी असलेली चेलना तेव्हा बोलली, पण सासूशी नाही. "सर, डेंग्यू एकदा झालेल्याला पुन्हा झाला तर?"

"होईलच असं नाही. पण झाला तर दुसऱ्यांदा जास्त जड जाऊ शकतो."

चेलना आत निघून गेली. आतून विधीच्या पाढ्यांचा आवाज येत होता.

कुसुमलताबाईंच्या मांडीवर गरणं होतं. त्याची घडी घालता घालता त्यांचे हात थांबले. "गेल्या वर्षी मी हौदात सोडलेल्यांतलाच कुणी विधीला चावला असेल?"

"सांगता येत नाही, आजी," मयुरी म्हणाली. "डासाला गाव विचारता येत नाही."

बाई उठल्या, झाकणाच्या भोकात हात घालून बघितला. "डास आत गेलाच नाही, तर अंडी नाहीत. अंडी नाहीत, तर जीव नाही. जीव नाही, तर मारायचंही नाही आणि सोडायचंही नाही. बरोबर?"

"जाळीचं काम तेच आहे," सर म्हणाले. "गाडीत आहे माझ्याकडे."

"जाळीला भोकं असतात."

"असतातच."

कुसुमलताबाईंनी गरणं त्यांच्यापुढे धरलं. सरांनी ते उन्हाकडे करून बघितलं, बोटांनी चोळलं, आणि आपली जाळी गाडीतच राहू दिली.

पण आत जे आधीच होते, त्यांचं काय? त्यांना ठेवून तोंड बांधलं, तर डास होऊन ते आतच तडफडणार. म्हणून दुपारभर कुसुमलताबाई आणि मयुरी हौद उपसत राहिल्या. बादली काढायची, गाळायची, गरणं उलटं करून मयुरीच्या बाटलीत धुवायचं. न बोलावता चेलना येऊन दोरी ओढायला लागली. शेवटी हौदाचं तोंड गरण्याने बांधून झालं, तेव्हा बाटलीत पाण्यापेक्षा वळवळ जास्त होती. कुंडीतल्या अळ्याही तिच्यातच ओतल्या होत्या.

"यांना कुठे नेणार?" कुसुमलताबाईंनी विचारलं.

"धुळ्याला. प्रयोगशाळेत वाढवणार."

"खायला?"

"बिस्किटाचा चुरा. कुत्र्याचं बिस्कीट असतं ना, ते."

"सूर्यास्तानंतर देऊ नका."

"सांगते सरांना."

"मग?"

"मग डास झाले की कुठला कोण ते बघणार. कुठल्या औषधाला दाद देतात, कुठल्याला नाही, ते तपासणार."

औषध म्हटल्यावर मयुरी थांबली आणि पुढच्या 'मग'ची वाट बघू लागली. खोटं सांगायचं नाही, असं तिने ठरवलेलं दिसत होतं. जिना चढून विधी गच्चीवर चालली होती, उन्हात, कितीतरी दिवसांनी अर्ध्या बाह्यांच्या फ्रॉकात. कुसुमलताबाईंनी तिच्याकडे बघितलं, मग बाटलीकडे.

त्यांनी विचारलं नाही.

बाटलीच्या बुचाला भोक पाडलेलं आहे ना, एवढं बोट लावून बघितलं. संवत्सरीला, वर्षभराची क्षमा मागायच्या दिवसाला, अजून अवकाश होता, पण बाटली आजच चालली होती. त्यांनी बाटलीपुढे हात जोडले आणि म्हणाल्या, "मिच्छामि दुक्कडम्."

मग मयुरीला वगळलं तर बरं दिसणार नाही, म्हणून तिच्याकडे वळून तिलाही म्हणाल्या.