आवाज पंचविशीचा

माझ्या मावशीचा आवाज तिच्यापेक्षा निदान तीस वर्षांनी लहान आहे. भाची म्हणून कौतुक करत नाही, फोनवर तिच्याशी बोललेल्या माझ्या मैत्रिणी मला हमखास विचारतात, "तुझी बहीण का गं?" उभा जन्म तिने एका मोठ्या कारखान्याच्या टेलिफोन बोर्डावर काढला. बाहेरून येणारा प्रत्येक फोन आधी तिच्या कानात यायचा आणि मग साहेबांकडे जायचा. सगळ्यांची ती ऑपरेटरबाई. तिसरी घंटी वाजायच्या आत फोन उचलायचा आणि हॅलोबिलो न करता आधी कारखान्याचं नाव घ्यायचं, ही तिची शिस्त. झोपेतसुद्धा ती कारखान्याचं नाव घ्यायची, असं काका सांगत.

काका गेले. मुलगा लग्न करून गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेला. मावशी भाड्याच्या एका खोलीत एकटी राहिली आणि मजेत राहिली. हे मुद्दाम सांगते, कारण एकटी बाई म्हटलं की लोक लगेच चेहरे पाडतात. सुट्टीच्या दिवशी न्हाऊन, केस मोकळे सोडून, दाराला आतून कडी लावून ती मोठमोठ्याने गात बसायची. कुणाच्या बापाला उत्तर द्यायचं नाही!

मग कारखाना विकला गेला. नव्या मालकांनी बोर्ड काढला, आणि त्याबरोबर मावशीलाही. हातातले पैसे सरत आले तसा मुलगा म्हणाला, "आई, खोली सोड आणि आमच्याकडे ये. आता आराम कर." आराम म्हणजे काय, ते वहिनीच्या बोलण्यातून कळलं. पाळणाघर परवडत नव्हतं, आणि स्वयंपाकाच्या बाई सोडून गेल्या होत्या.

"बिनपगारी फुल अधिकारी म्हणतात ना?" मावशी मला म्हणाली. "त्यातलं मला नुसतं बिनपगारी मिळणार. नातवावर जीव आहे गं माझा. पण जीव असणं वेगळं आणि जुंपून घेणं वेगळं."

नोकरी मिळाली तर खोली राहणार होती, नाहीतर जाणार होती. तिने शोधायला सुरुवात केली. सगळीकडे तोंडभर साखर आणि हातात भोपळा. "एवढा अनुभव! तुमच्या लायकीचं काम नाही हो आमच्याकडे." "आमची टीम तरुण आहे, तुम्हालाच अवघडल्यासारखं होईल." म्हणजे नकारसुद्धा तिच्याच भल्यासाठी! एका ऑफिसात तर काचेपलीकडे पांढऱ्याशुभ्र केसांचे हिशेबनीस बसले होते. निवृत्त झाल्यावर त्यांना घरून बोलावून आणलं होतं. पुरुषाचे केस पिकले की तो अनुभवी होतो, बाईचे पिकले की ती आजी होते. हा न्याय कुणी ठरवला, तो मला एकदा भेटायला हवा.

शेवटी मालवाहतुकीच्या एका कंपनीतून फोन आला. मुलाखत फोनवरच झाली. मॅनेजर खूश होता. "अगदी असाच आवाज हवा होता मॅडम! सोमवारी येऊन जा, बाकी सगळं नावापुरतं." मावशीने घरमालकाला लगेच सांगून टाकलं की खोली सोडत नाही. मी तिचे केस काळे केले. माझा हात धांदरट, त्यामुळे एक कानही काळा झाला. आम्ही पोट दुखेपर्यंत हसलो.

सोमवारी मी तिच्याबरोबर गेले. टेबलामागच्या मुलीने आमच्यादेखत फोन उचलून सकाळी सकाळी "गुड इव्हनिंग" म्हटलं. मॅनेजर तेव्हाच बाहेर येत होता. "झोप झालेली दिसत नाही आज," तो तिला हसून म्हणाला. मग आमच्याकडे वळला. त्याची नजर मावशीवरून घसरून माझ्यावर आली. "या ना मॅडम," तो मला म्हणाला.

"मी नाही, ह्या," मी म्हटलं.

"अच्छा, अच्छा. बसा ना आजी."

मॅडमची आजी व्हायला एवढाच वेळ लागला. "जरा बसा, बोलावतो," म्हणून तो आत गेला. ती मुलगीही कसले तरी कागद घेऊन त्याच्यामागे गेली, आणि टेबलावरचा फोन वाजायला लागला. एकदा, दोनदा. मावशी खुर्चीच्या कडेवर आली. तिसरी घंटी व्हायच्या आत ती उठली, टेबलाशी गेली, फोन उचलला आणि पंचविशीच्या त्या आवाजात तिने विकल्या गेलेल्या कारखान्याचं नाव घेतलं.

तिने लगेच जीभ चावली, माफी मागितली, ह्या कंपनीचं नाव सांगितलं, समोरच्याचा निरोपही नीट घेतला. पण मॅनेजर दारात उभा होता.

"आजी, कुठल्या जमान्यात आहात?" तो म्हणाला. ती मुलगीही हसली. पुढचं बोलणं दोन मिनिटांत आटोपलं. "कळवतो," म्हणाला.

"चूक माझीच," मावशी रस्त्यात म्हणाली.

माझं डोकं फिरलं होतं. "आणि त्या पोरीचं गुड इव्हनिंग?"

"ती चुकली तर चुकली. मी चुकले तर म्हातारी झाले."

तो नकार देणारच होता, तिने फक्त त्याच्या हातात निमित्त दिलं, असं मी आजही म्हणते. तिला ते पटत नाही.

महिनाअखेरीला खोली रिकामी करताना मी तिच्या मदतीला गेले होते. भांडी पोत्यात भरून झाली होती, टेम्पो खाली येऊन थांबला होता. मावशीचा मोबाईल वाजला. डबे आवरताना हात पिठाने माखलेले, म्हणून तिने स्पीकर लावला आणि "बोला" म्हटलं. फोनवर तोच मॅनेजर होता.

"हॅलो, मॅडम, तुम्ही त्या आजींच्या सूनबाई का?"

मावशीने माझ्याकडे पाहिलं. ह्याच आवाजावर हा माणूस भाळला होता. एकदा तोंड पाहिल्यावर त्याला तो आवाजही ओळखू येईना.

"काय काम होतं?" तिने विचारलं.

"आमच्याकडे दोन नव्या मुली कामाला लागल्यात. फोनवर कसं बोलायचं, ते त्यांना आजींनी चार दिवस येऊन शिकवलं तर बरं होईल. चहापाण्याचं बघू आम्ही."

"आणि चार दिवसांनंतर?"

"नंतर काय, मुली सांभाळतील की. जरा देता का आजींना?"

गरज सरो, वैद्य मरो म्हणतात. इथे वैद्याला आधीच मारून मग नाडी बघायला बोलावत होते. मी हातवारे करून सांगत होते, चांगलं फैलावर घे, शिव्या घाल. मावशीने पदराला हात पुसले आणि बोर्डावर बसल्यासारखी ताठ बसली.

"माफ करा," ती इतकं गोड बोलली की माझ्या अंगावर काटा आला. "त्या आता इथे राहत नाहीत. मुलाकडे गेल्या. त्यांनी काम सोडलंय."

फोन बंद करून ती रडली. मी तिच्याजवळ बसले. खाली टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. मग तिने डोळे पुसले आणि पोत्याचं एक टोक धरलं. दुसरं मी धरलं.