चार्टवर न लिहिलेला शब्द

"मॅडम, वडिलांचंही असंच सुरू झालं होतं," सुनीता म्हणाली. मांडीवरची पिशवी तिने दोन्ही हातांनी घट्ट धरली होती.

ईशा, नील, ऐका पोरांनो, मी तेव्हा या हिंदी बोलणाऱ्या शहरात, राजा पार्क भागातल्या एका क्लिनिकमध्ये डाएटिशियन होते. सुनीता साताऱ्याची, नवरा सुभेदार, इथल्या मिलिटरी स्टेशनवर. वय बेचाळीस. तिचे वडील मोठ्या आतड्याच्या कॅन्सरने गेले होते. तिला तो टाळायचा होता. मी तिला चार्ट दिला: डाळी, भाज्या आणि रोज ताकातून दोन चमचे सोयाबीनचं पीठ. सोयाबीनमध्ये प्रोटीन असतं आणि फायबर, म्हणजे न पचणारा चोथा. तो पोट साफ ठेवतो.

तीन आठवड्यांनी ती परत आली. पोटात कळा, जुलाब, वजन उतरलेलं. वडिलांचं ते वाक्य ती तेव्हाच बोलली.

"पीठ बंद केलंस ना?"

"बंद? दोनाचे चार चमचे केले. आतड्याला जपतं, तुम्हीच म्हणालात." तिने पिशवीतून डबा काढला. "बघा, रोज घेते."

मी चिमूटभर जिभेवर ठेवलं. कच्चं, कडवट.

"भाजलं नाहीस?"

"तुम्ही कुठं लिहिलंय? चक्कीवाला भैयाही म्हणाला, 'दीदी, भूना नहीं?' मी म्हटलं, मॅडमनी लिहिलंय तेवढंच करायचं."

मी चार्ट पाहिला. खरंच नव्हतं लिहिलं. आपल्या घरी ताकात कालवायचं पीठ भाजूनच दळतात, हे मी गृहीत धरलं होतं. कच्च्या सोयाबीनमधले काही घटक प्रोटीन पचू देत नाहीत. भाजलं, शिजवलं की त्यांचा जोर जातो.

"म्हणजे पिठामुळेच? ते नाही ना?" 'कॅन्सर' हा शब्द तिच्या तोंडून निघेना.

हो म्हणणं सोपं होतं. पण मला माहीत नव्हतं.

"पीठ आजपासून बंद. आणि कोलोनोस्कोपी करायची. नळीला कॅमेरा लावून आतडं आतून बघतात. वडिलांना कॅन्सर होता, म्हणून तुझी ती आधीच व्हायला हवी होती. मी पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं."

"तुम्हाला शंका आहे."

"भीती आहे."

चार दिवसांत कळा थांबल्या. तिचा फोन आला, "बरी झाले की! आता तपासणी कशाला?" मी तिचं ऐकलं नाही. डॉक्टरांची वेळ घेतली आणि स्वतः सोबत गेले. बाहेरच्या बाकावर सुभेदार ताठ बसले होते. एकदाच बोलले, "मॅडम, पोरगी दहावीला आहे."

डॉक्टर बाहेर आले. "दो पॉलिप थे, निकाल दिए." पॉलिप म्हणजे आतड्यातली छोटी गाठ. काहींचा पुढे काही वर्षांनी कॅन्सर होतो. आठवड्याने रिपोर्ट आला. कॅन्सर नव्हता. "कुछ साल और रुकतीं, तो मैं ये नहीं कह पाता," डॉक्टर म्हणाले.

सुनीता अजून सोयाबीन खाते, भाजून. खावंच. पण ते पोटात जाऊन गाठ शोधत नाही. माझ्या चार्टवर आता पहिली ओळ खाण्याची नसते: घरात कुणाला कॅन्सर होता का, तपासणी केली का?

आणि एक गोष्ट मी कधी विसरत नाही. त्या पिठाने पोट बिघडलं नसतं, तर सुनीता निर्धास्त राहिली असती. आणि मीही.