नानांच्या नावावर काही नव्हतं

चोपड्याहून येणाऱ्या बसच्या कंडक्टरने निरोप दिला, तेव्हा मी जळगावात कचेरीला निघालो होतो. नाना गेले... नाना म्हणजे माझे सख्खे मामा, चोपडा तालुक्यातले केळी-कापसाचे शेतकरी. दीड महिना झाला. गावात त्यांना हुशार म्हणत. विहिरीच्या पाण्याच्या पाळीत त्यांना कुणी कधी फसवू शकलं नाही.

बापाच्या जमिनीत लेकींनाही हिस्सा देणारा कायदा आला, त्यानंतरच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला, सखू धुळ्याहून माहेरी आली होती. नानांची एकुलती लेक. विधवा, जिनिंगच्या कारखान्यात कापूस निवडून पोट भरणारी. ती निंबाच्या झोक्यावर गाणी म्हणत होती, आणि त्याच दुपारी नाना मला घेऊन चोपड्याला वकिलांच्या घरी बसले होते. जमीन बारा एकर. वकील म्हणाले, “वाटण्या तीन करा. दोन मुलांच्या, एक तुमची स्वतःची.” मी तिथेच हिशेब करून दाखवला. नानांकडे चार एकर राहिले असते, आणि त्यांच्यामागे त्यातला तिसरा भाग, म्हणजे सव्वा एकराहून जरासा जास्त, सखूला गेला असता. नाना हसले. स्वतःची वाटणी त्यांना नकोच होती. “मनाजोडे काहीच नही राहिनं, ते पोर काय मांगी?”

सहा-सहा एकर दोघा मुलांच्या नावे झाले, घरही त्यांच्या नावे झालं. येताना नानांनी सखूसाठी लुगडं घेतलं, चांगलं, भारीतलं. ते नेसून ती त्यांच्या पाया पडली. तिला तेव्हा काहीच ठाऊक नव्हतं; पुढे गावातूनच कळलं.

वर्षभर बरं चाललं. मग मुलांनी नानांच्या जेवणाच्या पाळ्या लावल्या, पंधरा दिवस थोरल्या भास्करकडे, पंधरा दिवस धाकट्याकडे. महिना एकतीसचा असला की शेवटच्या दिवशी नाना उपास धरत. कसला उपास, हे गावात कुणी विचारत नसे. एकदा ते भास्करच्या बायकोला भाकरी करपल्याचं बोलले. भास्कर ताटावरून न उठता म्हणाला, “हाई घर कोनं शे, नाना?”

दुसऱ्या दिवशी ते धुळ्याला गेले. सखूने त्यांना एका खोलीत ठेवून घेतलं, पाय चेपले, जिनातून आल्यावर गरम भाकरी करून घातली. मग एका सकाळी त्यांचं गाठोडं बांधून दारात ठेवलं. “नाना, आखाजी सरनी का तुम्ही माले गाडीमा बसाडी देत व्हतात. आते तुमनं माहेरपण सरनं.” गाठोड्यात ते लुगडंही घडी करून ठेवलं होतं. नंतर मी तिला विचारलं, तेव्हा तिने यातलं काही नाकारलं नाही. चुलीत फुंकर घालत राहिली.

शेवटचा हिवाळा नानांनी भास्करच्या ओट्यावर, खाटेवर काढला. आत झोपायला कुणी बोलावलं नाही, आणि त्यांनीही मागितलं नाही.

नानांचे दिवस झाल्यावर मी निघालो, तेव्हा भास्कर त्याच खाटेवर बसला होता. मधलं सुंभ नानांच्या अंगाने अजून खाली झोळलेलं... त्याने मला शेजारी बसवलं, आवाज खाली केला. आत त्याच्या दोन्ही मुली भांडी घासत होत्या, मुलगा जेवत होता.

“भाऊ, नानांनी वकिलाला किती दिलं होतं?”

मी आकडा सांगितला. त्याला तो जास्त वाटला नाही.